कराड ते कवलापूर, हवाई मार्गे

सातारा जिल्ह्याची धावपट्टी कराडला आहे. कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ मध्ये ती बांधली गेली. सांगलीची धावपट्टी तासगाव रस्त्यावर कवलापूरला. ती कित्येक वर्षं पडून आहे. दोन्हीकडून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. तरीही या दोन ठिकाणांमधला उड्डाणाचा वेळ काढून पाहावा, कारण अंतराला वेगाने भागलं की वेळ मिळतो हा आपला पक्का समज इथे साफ मोडतो.

आधी अंतर. कराडची धावपट्टी साधारण १७ अंश १७ मिनिटं उत्तर, ७४ अंश ९ मिनिटं पूर्व. कवलापूर १६ अंश ५५ मिनिटं उत्तर, ७४ अंश ३६ मिनिटं पूर्व. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, वैमानिकांचा सागरी मैल तो हाच. रेखांश ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे त्यांचं मिनिट १.७७ किलोमीटरच भरतं. म्हणजे कराडहून दक्षिणेला ४१ आणि पूर्वेला ४८ किलोमीटर. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण येतो ६३. ही रेघ जवळजवळ किर्लोस्करवाडीवरूनच जाते. पृथ्वीच्या गोलाईचं काय? एवढ्या अंतरात तिचा फुगवटा मधोमध ७८ मीटर भरतो खरा, पण जमिनीच्या पोटातून आरपार काढलेली सरळ रेषा आणि वरचं वक्र अंतर यांत फरक पडतो जेमतेम वीतभर.

आता वेळ. ताशी ८०० किलोमीटर धरले तर पावणेपाच मिनिटं. पण तो वेग दहा किलोमीटर उंचीवरचा, आणि तिथे पोचायलाच जेटला वीसेक मिनिटं लागतात. उतरताना ढोबळ हिशेब असा, की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. पस्तीस हजार फुटांवरून उतरायला १०५ सागरी मैल, म्हणजे १९४ किलोमीटर लागतात. कवलापूरला टेकायचं तर विमानाने पुण्यावर असतानाच खाली यायला सुरुवात करायला हवी! म्हणून इथे कामाचं ते छोटं पंख्याचं विमान. ताशी दोनशेच्या वेगाने एकोणीस मिनिटं. धावपट्टीवरची चाल, चढण आणि उतरण्याआधीचा फेरा धरून पंचवीसेक.

अंतर याहूनही कमी असलं तर? स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण चालतं. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. सरासरी वेग पडतो ताशी ८० किलोमीटर, आपल्या महामार्गावरच्या गाडीचा.

मात्र कराडचा खरा प्रश्न अंतराचा नाही, हवेचा आहे. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकला की हवा इतकी विरळ होते, की पंखांना आणि इंजिनाला आपण सोळाशे मीटरवर, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर असल्यासारखं वाटतं. उचल कमी मिळते, धाव लांबते. कराडची धावपट्टी सुमारे १२८० मीटर. सत्तर आसनी एटीआर विमानाला पूर्ण वजनाने उडायला समुद्रकाठच्या थंड हवेतही जवळपास एवढीच लागते. कराडच्या उन्हात ती पुरणार नाही, माणसं किंवा इंधन कमी करावं लागेल.

म्हणूनच धावपट्टी वाढवण्याची मागणी मला रास्त वाटते, पण ती कराड-सांगलीसाठी नव्हे. तेवढ्याला मिरजेकडे जाणारी रेल्वे आहे. कराडहून मुंबई हवेतून सुमारे २४० किलोमीटर. एटीआरने तासाभरात, रस्त्याने सहा-सात तास. हृदयविकाराचा रुग्ण किंवा प्रत्यारोपणासाठीचा अवयव न्यायचा असेल, तर तिथे हे पाच तास मोजायचे.