आज्ञावलीची गुंतागुंत : मापन आणि पुनर्रचना

थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये आज्ञावलीची गुंतागुंत मोजणारी 'सायक्लोमॅटिक' संख्या मांडली. मेथडमधील निर्णयबिंदू मोजून त्यांत १ मिळवावयाचा, एवढीच तिची रीत होय. ही संख्या सामान्यतः १० च्या पुढे जाऊ नये, असे त्यांनी सुचविले.

उदाहरणादाखल छत्रपती संभाजीनगर येथील एखाद्या महाविद्यालयाची निकालाची आज्ञावली कल्पू. गुणांची तपासणी, ग्रेस गुण आणि एटीकेटी हे सारे एकाच मेथडमध्ये, 'इफ'च्या पोटात 'इफ' घालून लिहिले आहे. निर्णय १३, म्हणून संख्या १४. परीक्षेचा नियम बदलला तरी तिला हात लावण्यास कोणी धजत नाही; भलत्या जागी पडलेल्या एका अटीने विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

मार्टिन फाउलर यांच्या 'रिफॅक्टरिंग' (१९९९) या ग्रंथातील 'एक्स्ट्रॅक्ट मेथड' येथे उपयोगी पडते. एका हेतूच्या ओळी वेगळ्या काढून त्यांस अर्थपूर्ण नाव द्यावयाचे. समजा, तीन नव्या मेथडांच्या संख्या ५, ५ व ६ आल्या; त्यांना केवळ क्रमाने बोलावणाऱ्या मूळ मेथडची १ उरली. बेरीज १७, म्हणजे पूर्वीपेक्षा अधिकच! निर्णय घटलेले नाहीत. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे वाचता व तपासता येऊ लागला, हाच लाभ. केवळ आकडा उतरविण्यासाठी पाडलेले तुकडे प्रस्तुत लेखकास निरर्थक वाटतात. उलट, सरळ मांडलेला लांब 'स्विच' मोठी संख्या असूनही सहज वाचता येतो.

पुनर्रचनेपूर्वी मागील परीक्षांचे गुण जुन्या आज्ञावलीतून काढून ठेवावेत व नंतर नव्या निकालाशी ताडून पाहावेत. एका गुणाने अनुत्तीर्ण झालेले विद्यार्थी त्यांत अवश्य असावेत.