चेंडूला धरून ठेवणारे धातू

फुलरीनचे चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते: ६० कार्बन अणूंचा (म्हणून सी-६०), फुटबॉलसारखा शिवलेला चेंडू, १२ पंचकोन, २० षट्कोन. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात १९८५ साली हॅरल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांना तो सापडला. घुमट बांधणाऱ्या बकमिन्स्टर फुलर यांचे नाव त्याला मिळाले आणि १९९६ साली तिघांना नोबेल. एवढे पाठ झाले की विषय संपला, असे वाटते. पण या चित्राने फुलरीन जितका लोकप्रिय केला तितकाच गैरसमजांतही गुंडाळला. त्यातले बरेच खोडून काढले ते धातूंनी. या कामात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅलन बाल्च यांचा वाटा मोठा आहे. बाल्च मूळचे धातुसंकुलांचे अभ्यासक. मध्ये धातूचा अणू आणि त्याला चहूबाजूंनी धरून बसलेले इतर अणू-रेणू, हे संकुलाचे साधे रूप. रक्ताचा लाल रंग आणि पानांचा हिरवा रंग अशाच रचनांतून येतो.

पहिला गैरसमज असा की चेंडूचा आकार १९८५ सालीच सिद्ध झाला. त्या वर्षी हाती लागला होता तो वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावरचा एक उंच सुळका: ७२०, म्हणजे ६० कार्बन. चेंडू हा त्यावरून बांधलेला, अतिशय देखणा, पण तर्कच. पदार्थ वजन करता येईल एवढा मिळाला १९९० साली, जेव्हा क्रेचमर आणि हफमन यांनी हेलियम वायूत ग्रॅफाइटच्या कांड्या विजेने तापवून काजळी जमवली आणि ती बेन्झीनमध्ये विरघळवली. मग स्फटिक करून क्ष-किरण सोडायचे आणि अणू मोजायचे, की झाले! पण झाले नाही. हा चेंडू स्फटिकातही स्वस्थ बसत नाही. नेहमीच्या तापमानाला तो जागच्या जागी सेकंदाला अब्जावधी गिरक्या घेतो. फिरत्या भिंगरीवरची नक्षी मोजायला सांगावे, तशी गत.

मग त्याला धरून ठेवायचे कसे? बर्कलेच्या जोएल हॉकिन्स यांच्या गटाने १९९१ साली चेंडूला ऑस्मियम या जड धातूची मूठ बसवली. मूठ बसली, गिरक्या थांबल्या आणि कार्बनचा अणू न् अणू जागेवर दिसला. ऑस्मियमचा भाग दोन कानांसारखा वर आलेला असल्याने त्या रेणूला थट्टेने सशाचे नावही मिळाले.

दुसरा गैरसमज अधिक मुरलेला आहे, कारण तो सुरुवातीला तज्ज्ञांचाही होता. षट्कोनांची जाळी दिसली की रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला बेन्झीनची सहा कार्बनांची कडी आठवते. इलेक्ट्रॉन साऱ्या कडीभर वाटले गेलेले, त्यामुळे रेणू तृप्त आणि सहसा कुणाच्या भानगडीत न पडणारा. मग २० षट्कोनांचा चेंडू तर परम तृप्त असणार!

द्यूपाँ कंपनीतल्या पॉल फेगन यांनी हे तपासायला रुथेनियमचे एक संकुल घेतले. मला स्वतःला या साऱ्या कहाणीत हा प्रयोग सगळ्यांत आवडतो, कारण त्यात प्रश्न आणि उत्तर दोन्ही मोजून एका अंकात बसतात. या रुथेनियमला अ‍ॅसिटोनायट्राइलचे तीन रेणू चिकटलेले असतात. बेन्झीनसारखी कडी भेटली की तो तिन्ही सोडतो आणि कडीवर ऐसपैस बसतो, सहाही कार्बनांना धरून. फुलरीन भेटल्यावर त्याने सोडला फक्त एक. म्हणजे त्याला बसायला षट्कोनाचे सपाट आसन मिळालेच नव्हते. त्याने धरले होते शेजारचे दोन कार्बन, जसा तो एखादा साधा दुहेरी बंध धरील तसे. प्लॅटिनमनेही तोच निर्वाळा दिला. एकाच चेंडूवर सहा प्लॅटिनम बसवले, तेही सहा दिशांना, पण प्रत्येक जण दोनच कार्बनांवर.

१९९१ सालीच बाल्च यांनी इरिडियमचे एक जुने, नावाजलेले संकुल फुलरीनपुढे ठेवले. लॉरी व्हास्का यांच्या नावाने ओळखले जाणारे हे संयुग हवेतला ऑक्सिजन उचलते आणि पुन्हा सोडूनही देते. फुलरीनशीही ते तसेच वागले: धरले, आणि द्रावणात परत सोडले. मोठ्या, लांबट सी-७०लाही त्याने धरले. धरताना जागा ठरलेली: दोन षट्कोन जिथे एकमेकांना भिडतात ती कड. सी-६०मध्ये अशा कडा ३० आहेत आणि त्या पंचकोनाच्या कडांपेक्षा आखूड आहेत, कारण दुहेरी बंधपणा तिथेच साठलेला आहे. धातू बसतो तिथले दोन कार्बन चेंडूच्या पृष्ठातून किंचित बाहेर ओढले जातात.

तेव्हा फुलरीन हा तृप्त रेणू नाही. वाकवलेल्या पृष्ठाचा ताण त्याच्यावर आहे आणि इलेक्ट्रॉनांची त्याला भूक आहे. द्रावणात विजेच्या साहाय्याने तो एकामागून एक सहा इलेक्ट्रॉन पचवतो.

याच भुकेमुळे तिसरी समजूत तपासावी लागते. फुलरीनच्या पोटात धातू असू शकतो हे ऐकल्यावर लोकांना वाटते, करंजीत सारण भरावे तसा तो नंतर भरला जातो. प्रत्यक्षात विजेच्या ठिणगीच्या उष्णतेत कार्बनचा पिंजरा धातूभोवतीच वळला जातो; एकदा बंद झालेल्या पिंजऱ्याच्या भिंतीतून धातू आत सरकवणे जवळजवळ अशक्य. १९९९ साली व्हर्जिनियातल्या हॅरी डॉर्न यांच्या गटाला, भट्टीत थोडा नायट्रोजन असताना, ८० कार्बनांच्या पिंजऱ्यात स्कँडियमचे तीन अणू आणि त्यांच्या मधोमध एक नायट्रोजन असा ऐवज सापडला. रिकामा असता तर हा पिंजरा टिकलाच नसता. आतल्या मंडळींनी सहा इलेक्ट्रॉन भिंतीला दिले म्हणून तो उभा राहिला. त्याचे स्फटिकचित्र मिळाले डेव्हिसमध्ये, बाल्च आणि स्फटिकतज्ज्ञ मॅरिलिन ओल्मस्टेड यांच्याकडे. युक्ती पुन्हा धातूचीच: कोबाल्टचे पसरट, बशीसारखे संकुल सोबत ठेवायचे, म्हणजे चेंडू त्या बशीत टेकतो आणि गिरक्या आवरतो.

आता त्या फुटबॉलच्या आकाराविषयी. कितीही कार्बनांचा फुलरीन असो, पंचकोन १२च लागतात. ही भूमितीची सक्ती आहे. पण दोन पंचकोन कधी शेजारी येत नाहीत, हा पाठ्यपुस्तकी नियम मात्र मोडतो. २००६ साली डेव्हिसच्या गटाने टर्बियम पोटात असलेला ८४ कार्बनांचा एक पिंजरा दाखवला. तो चक्क अंड्याच्या आकाराचा निघाला. निमुळत्या टोकाला दोन पंचकोन एकमेकांना चिकटलेले, आणि त्या खोबणीत टर्बियमचा एक अणू अलगद बसलेला.

बाल्च यांच्या कामातला सोन्याचा भाग फुलरीनशी थेट जुळत नाही, तरी वगळवत नाही. ‘सोने कशातच भाग घेत नाही’ असे आपण दागिन्यांवरून ठरवून बसलो आहोत. त्यांच्या प्रयोगशाळेत तीन सोने-अणूंच्या त्रिकोणी संकुलांचे रंगहीन स्फटिक होते, त्रिकोणांवर त्रिकोण रचलेले. अतिनील प्रकाश दाखवून दिवा बंद करायचा आणि मग क्लोरोफॉर्मचा थेंब टाकायचा. ओले होताच स्फटिक प्रकाशाची एक लाट सोडतात. साठवलेली ऊर्जा द्रव लागताच बाहेर पडते. हे निरीक्षण १९९७ साली प्रसिद्ध झाले.

राहिला बाजारातला गैरसमज, आणि तो खिशाइतकाच तब्येतीलाही महाग पडू शकतो. ऑलिव्ह तेलात सी-६० मिसळून ‘आयुष्य वाढवणारे’ म्हणून बाटल्या विकल्या जातात. याला आधार दाखवतात तो २०१२ सालच्या एका प्रयोगाचा, ज्यात उंदरांचे आयुष्य जवळपास दुप्पट झाल्याचे म्हटले होते. प्रत्येक गटात होते जेमतेम सहा उंदीर. २०२०च्या सुमारास दुसऱ्या संशोधकांनी तोच दावा नीट तपासला, तेव्हा आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. उलट प्रकाशात राहिलेले तेल काही दिवसांतच विषारी होते, असे आढळले. सी-६० प्रकाश शोषून ऑक्सिजनला चिथावतो, हे रसायनशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतेच. कुणी अशी बाटली भेट दिली असेल तर आभार मानून ठेवून द्या, पिऊ नका.