सात लाखांची जर्मन गाडी घेताय? आधी तिचा आवाज ऐका, धूर बघा

मागच्या आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका भावाचा फोन आला. उमरग्याकडचा आहे, मंडप-डेकोरेशनचं काम करतो, पोरगा कष्टाळू आहे. म्हणाला, "सर, पुण्यात एक गाडी बघितलीय. जर्मन कंपनीची, डिझेल, २०१२ चं मॉडेल. सात लाखात देतोय. लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्याने लावतो. टोकन पण देऊन आलोय. फक्त आवाज जरा येतो आणि सकाळी थोडा धूर मारते. मिस्त्री म्हणला, होऊन जाईल."

हे "होऊन जाईल" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण हाच शब्द मी २०२१ च्या दिवाळीत ऐकला होता. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून सगळं इथे सविस्तर लिहितोय.

आधी या गाड्या येतात कुठून ते बघू. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तिथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. देशभर बातमी झाली. सरासरी काढली तर गाडीमागे ४३ लाखांच्या आसपास. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आम्हाला वाटलं, मराठवाड्याचं नशीब फळफळलं. खरं सांगायचं तर त्या सौद्यात शिकण्यासारखं होतंच: एकत्र खरेदी केली की भाव पाडून मिळतो. पण त्या काळात घेतलेल्या गाड्या आता १५ वर्षांच्या झाल्या. पहिल्या मालकाने चार-पाच वर्षांत विकली, दुसऱ्याने वापरली, तिसऱ्याने ओढली, आणि आता चौथा म्हणून तुम्ही रांगेत उभे आहात.

दुसरा रस्ता दिल्लीचा. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे त्यात बदल होत गेले, पण तिथल्या मालकांनी गाड्या मिळेल त्या भावात काढल्या. एनओसी घेऊन त्या इतर राज्यांत आल्या आणि नवीन पासिंग झालं. म्हणून पाटीवर एमएच दिसलं तरी गाडी आधी कुठे फिरली हे आर.सी. आणि एनओसीवरून तपासा.

भाव उतरतो, स्पेअर उतरत नाही

इथेच सगळी गंमत आहे. ४५ लाखांची गाडी बारा वर्षांनी सात लाखांची होते. पण तिचा इंजेक्टर, टर्बो, गिअरबॉक्स हे सगळं ४५ लाखांच्या गाडीचंच राहतं. तुम्ही गाडी सात लाखांची घेता, पण सांभाळायची असते ४५ लाखांची.

माझं सांगतो. २०११ चं मॉडेल, डिझेल सेदान, ६,८०,००० ला घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, माझ्या हिशेबाचा होता. दोन वर्षांत इंजेक्टरला ७२,००० गेले. ईजीआर व्हॉल्व्ह आणि त्याचा कूलर ५८,०००. इंजिनाची माउंटिंग ३४,०००. हवेवरचं सस्पेन्शन एका बाजूने बसलं, त्याचे ६२,०००. तीन वेळा गाडी लोडबॉडीवर घालून पुण्याला न्यावी लागली, ३९,०००. ऑइल, फिल्टर, किरकोळ ३१,०००. बेरीज २,९६,०००. २०२३ च्या दिवाळीत विकली तेव्हा ३,९०,००० मिळाले, म्हणजे किमतीतले २,९०,००० गेले. एकूण ५,८६,०००. महिन्याला साडेचोवीस हजारांच्या घरात, डिझेल आणि विमा सोडून. गाडी फिरली १९,००० किलोमीटर. किलोमीटरला तीस रुपयांच्या वर!

आणि खरा फटका हा नव्हताच. माझं दुकान मोटार-पंपांचं आहे. फेब्रुवारी-मार्चला विहिरीचं पाणी खाली जातं, शेतकरी जास्त हॉर्सपॉवरची मोटार मागायला येतो. २०२२ च्या मार्चमध्ये इंजेक्टरचं बिल आलं आणि माल भरायचे पैसे तिकडे गेले. ज्या गिऱ्हाइकाला मी "चार दिवसांनी या" म्हणालो, तो समोरच्या दुकानातून मोटार घेऊन गेला. पुढच्या वर्षीही तिकडेच गेला. बीबीएला खेळत्या भांडवलावर दहा मार्कांचा प्रश्न सोडवला होता मी.

आवाज: कोणता चालेल, कोणता नाही

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते, आणि त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. हा पेट एकदम होतो, म्हणून डिझेलची ती खडखड. जुन्या ट्रॅक्टरची आठवा. १९९७ मध्ये कॉमन रेल पद्धत बाजारात आली, तिने हा आवाज कमी केला: मुख्य फवाऱ्याच्या आधी डिझेलचा एक छोटा फवारा सोडायचा, म्हणजे आग हळू सुरू होते. त्यासाठी दाब असतो १६०० बार आणि त्याहूनही जास्त. तुमच्या कारच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, यावरून अंदाज घ्या. इतक्या दाबावर काम करणाऱ्या इंजेक्टरला डिझेलमधलं चमचाभर पाणी किंवा गाळसुद्धा चालत नाही. कॅनमध्ये साठवलेलं डिझेल यात ओतणं म्हणजे गुन्हाच समजा.

थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभर खडखड जास्त येणं साधारण आहे. गरम झाल्यावरही एकाच ठेक्यात टक-टक येत राहिली, तर इंजेक्टर गेलेला असू शकतो किंवा त्याच्या बुडाची तांब्याची वॉशर गळत असेल. वॉशर गळत असेल तर इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर दिसतो. वॉशर स्वस्त आहे, पण उशीर केला तर इंजेक्टर हेडमध्ये असा चिकटतो की काढताना घाम फुटतो.

उभी गाडी थरथरते, स्टिअरिंग आणि सीट हलतं, पण वेगात गेली की गुळगुळीत? बहुतेक माउंटिंग. खर्च आहे, पण जीवघेणा नाही.

घाबरायचं ते साखळीच्या घसघशीला. बादलीत सुटी साखळी हलवल्यासारखा आवाज इंजिनाच्या मागून, गिअरबॉक्सच्या बाजूने आला तर पाऊल मागे घ्या. २००७ नंतरच्या बीएमडब्ल्यूच्या एन४७ या दोन लिटरच्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या बाजूला आहे आणि तिच्या झिजेची तक्रार जगभर गाजलेली आहे. चेन बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग बिल बघून तुम्हीच सांगाल की गाडी भंगारात द्या.

धुराचे तीन रंग

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आपल्याकडे धूळ किती, तुम्हाला माहीत आहे. एअर फिल्टर कोंबलेला असेल तर काम हजार-दोन हजारांत होतं. टर्बोपासून येणारा रबरी पाइप चिरलेला असेल तर गाडी जोरही धरत नाही आणि सूं-सूं असा आवाजही येतो. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला असेल तर खर्च वाढतो, इंजेक्टर असेल तर आणखी वाढतो. म्हणजे एकाच काळ्या धुराचं बिल दोन हजारही असतं आणि दोन लाखही. "थोडा धूर मारते" म्हणणाऱ्याला यातलं कोणतं, हे विचारा.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. टर्बोचं सील, व्हॉल्व्हचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. भकाभक वाफ बाहेर आली तर रिंगांचा संशय घ्या.

पांढरा धूर फसवा असतो. थंडीत सकाळी दोन मिनिटं येऊन गेला तर नुसती वाफ किंवा ग्लो प्लग कमजोर. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर, त्याला गोडसर वास, आणि कूलंटची टाकी वरचेवर कमी होतेय, तर पाणी इंजिनात जातंय. हेड गॅसकेट किंवा ईजीआर कूलर. तिथे घासाघीस करू नका, घरी या.

याला जोडूनच डीपीएफचं. सायलेन्सरच्या आधी काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये तो सर्रास आहे, काही महागड्या गाड्यांमध्ये त्याआधीपासून. साठलेली काजळी जाळायला त्यात सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात पळायला हवी. धाराशिवात घर ते दुकान दोन किलोमीटर, वाटेत चार गतिरोधक. इंजिन धड तापत नाही तोवर आपण उतरतो. फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, गाडी जोर सोडते. तुळजापूर-सोलापूर रस्त्याला आठवड्यातून एकदा पळवली तर चालते. ज्याचं काम गावातल्या गावात आहे, त्याने ही गाडी घेऊच नये, असं माझं मत.

काही मिस्त्री डीपीएफ कापून मोकळा पाइप घालून देतात. ओळखायचं कसं? सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ धड असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर तो फुटलाय किंवा काढलाय. पीयूसीला ती गाडी अडकू शकते.

आणखी एक. २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल इंजिनातलं धूर-चाचणी चुकवणारं सॉफ्टवेअर जगभर गाजलं. भारतातही त्या डिसेंबरात फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडा मिळून ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्याचं जाहीर झालं. त्या काळातली गाडी असेल तर सर्व्हिसच्या नोंदीत हे काम झालंय का बघा.

बघायला जाल तेव्हा

मालकाला आदल्या दिवशी सांगा, "मी सकाळी येईन, गाडी सुरू करू नका." गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, तुमच्यापासून काहीतरी लपवलंय. खरा आवाज आणि खरा धूर थंड इंजिनच दाखवतं. ओळखीचा नाही, तर त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम करणारा मिस्त्री न्या, स्कॅनर लावून प्रत्येक इंजेक्टरचे आकडे बघा. याला दोन-चार हजार लागतील, ते द्या.

आता त्या भावाचा हिशेब. त्याच्याच आकड्यांनी मांडला. वर्षात ३० लग्नं, ७,००० प्रमाणे २,१०,०००. त्यातून ड्रायव्हर आणि डिझेल लग्नामागे २,०००, म्हणजे ६०,०००. विमा वगैरे ३५,०००. दुरुस्तीला माझ्या अनुभवाने वर्षाला दीड लाख. खर्च २,४५,०००. म्हणजे ३५,००० चा तोटा, आणि गाडीची किंमत उतरते ती वेगळी. वर पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने लावणं कायद्यात बसत नाही, त्याला परवाना लागतो. वरातीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय २०१२ ची गाडी २०२७ ला १५ वर्षांची होणार: पुन्हा नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर. जीएसटीत अशा कारच्या खरेदीचं आणि दुरुस्तीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. परवान्यासह प्रवासी वाहतुकीचाच धंदा असेल तर गोष्ट वेगळी.

मग घ्यायचीच नाही का? घ्या की! गाडीच्या किमतीच्या निदान तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत असेल, तो धंद्याच्या मालातून काढावा लागत नसेल, आणि गाडी आठवडाभर गॅरेजात राहिली तर तुमचं काम अडत नसेल, तर हौसेला मोल नाही. हायवेला ती गाडी जशी चालते तशी दुसरी चालत नाही, हे मी आजही कबूल करतो.

गेल्या रविवारी मी त्याच्यासोबत पुण्याला गेलो. सकाळी सात वाजता बॉनेट थंड होतं, मालक प्रामाणिक निघाला. गाडी सुरू केली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पांढरा धूर थांबेना, आणि कूलंटची टाकी खालच्या खुणेच्याही खाली. भाऊ माझ्याकडे बघत होता. मी काही बोललो नाही. त्यानेच किल्ली परत दिली.

टोकनचे ११,००० मालकाने परत केले नाहीत, करारात तसंच लिहिलं होतं. येताना टेंभुर्णीला चहाला थांबलो, तेव्हा त्याने खिशातली वही काढून ती रक्कम खर्चाला टाकली आणि मला विचारलं, "सर, त्या सात लाखात मोठा जनरेटर आणि पिकअप दोन्ही बसेल का?" त्याचं कोटेशन आम्ही या आठवड्यात काढतोय.