कमानीला टेकू

सायकलच्या दुकानात इनसोल घ्यायला आलेला माणूस आधी काय करतो? हाताच्या अंगठ्यानं दाबून बघतो. अंगठा जितका आत रुतेल तितका माल चांगला, असा आपला सरधोपट हिशेब. रोजच्या चालण्याच्या बुटांना तो लागू पडेलही. क्लीटच्या, म्हणजे तळाच्या खुंटीनं पेडलमध्ये अडकणाऱ्या शूजमध्ये मात्र तो पार उलटा पडतो. मऊसूत जेलचे इनसोल हौसेनं घालून पसरणीचा घाट चढायला निघालेल्यांचे तळवे पाचगणी यायच्या आतच पेटलेले असतात.

चालताना-पळताना टाच जमिनीवर आपटते, तो धक्का कुणीतरी पचवावा लागतो. सायकलवर पाऊल कुठेच आपटत नाही. ते पेडलला अडकवलेलं असतं आणि सगळा जोर चवड्यावर, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या टोकांवर येतो. मिनिटाला ८० फेरे धरले तरी एका पायाचे तासाला ४,८०० दाब होतात. दर दाबाला पावलाची कमान थोडी खाली बसते, घोटा आत कलतो आणि त्याच्यामागोमाग गुडघा फ्रेमकडे ओढला जातो. घाटात तर फेरे कमी होतात आणि प्रत्येक फेऱ्याचा जोर वाढतो. सपाटीवर गप्प बसलेला पाय चढावर कुरकुरायला लागतो तो यामुळेच.

आता शूजच्या आत डोकावू. तळ नायलॉनचा किंवा कार्बनचा, मुद्दाम कडक केलेला. कंपनीनं दिलेला इनसोल बहुतेकदा फोमचा पातळ, सपाट तुकडा असतो, महागड्या शूजमध्येही. म्हणजे पाऊल टेकतं ते टाचेवर आणि चवड्यावर, मधल्या कमानीखाली नुसती पोकळी. चांगल्या इनसोलचं खरं काम ही पोकळी भरून काढायचं. कमानीला टेकू मिळाला की भार तळव्यावर पसरतो आणि चवड्याची सुटका होते. हा टेकू माझ्या वजनाखाली दबणार असेल तर तो असून नसल्यासारखा. म्हणून दुकानात अंगठा वापरायचाच, पण इनसोल फरशीवर ठेवून, कमानीच्या उंचवट्यावर, जोर लावून. उंचवटा सपाट झाला की तो इनसोल परत ठेवून द्यावा.

पण दुकानात जाण्याआधी, फुकटात होणाऱ्या गोष्टी करून बघाव्यात. तळव्याची आग आणि बोटांना मुंग्या यांच्या तक्रारींत इनसोलचा दोष पुष्कळदा नसतोच. शू अरुंद असतो, किंवा पुढचा पट्टा करकचून आवळलेला असतो. लांबच्या राइडमध्ये पाय सुजतो. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. पहाटे नीट बसलेला शू दुपारी चिमटे काढणार हे ठरलेलंच. म्हणून शूज संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, आणि सायकलवर घालायच्याच मोज्यांवर घालून बघावेत. पुढचा पट्टा सैल, वरचा घट्ट, ही साधी सवय बरंच काम करते. तेवढ्यानं भागलं नाही तर ४ मिलिमीटरची ॲलन की घेऊन क्लीट थोडी टाचेकडे सरकवावी. चवड्यावरचा ताण लगेच हलका होतो. मुळात शू अरुंद असेल तर त्यात जाड इनसोल कोंबणं म्हणजे दुखण्यात भर घालणं.

इतकं करूनही कुरकुर राहिली, तर कमान तपासायची. ओल्या पायाचा शहाबादी फरशीवर ठसा उमटवून बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण नुसता उभ्यानं घेतलेला ठसा अर्धीच गोष्ट सांगतो. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर टेकवा आणि कमानीखाली बोट सरकवून बघा. मग उभे राहा, त्याच पायावर भार द्या आणि पुन्हा बघा. बसल्यावर सहज जाणारं बोट उभ्यानं अडलं, तर तुमची कमान लवचीक आहे, भाराखाली बसते. अशा पायाला टेकूचा फायदा सगळ्यात जास्त होतो. दोन्ही वेळा पोकळी तेवढीच राहिली तर कमान उंच आणि ताठ. तिला खालून गाठायला उंच टेकू लागतो. दोन्ही वेळा पाऊल सपाटच असेल, तर मात्र जपून. सपाट पायाला सगळ्यात उंच कमान हवी, हा समज विक्रेत्यांतही आढळतो. ताठ सपाट पायाला उंच टेकू नुसता टोचतो. त्याला कमी उंचीचा बरा. शिवाय डावा-उजवा सारखे असतीलच असंही नाही.

बाजारात या हिशेबानं माल मिळतो. स्पेशलाइज्ड कंपनीच्या फूटबेडमध्ये, म्हणजे इनसोलमध्ये, लाल, निळा आणि हिरवा असे कमी ते जास्त उंचीचे तीन रंग आहेत. जिरो कंपनीच्या काही शूजबरोबर कमानीचे बदलता येणारे तुकडेच देतात, म्हणजे दोन पायांना वेगळी उंची ठेवता येते. सुपरफीटसारख्या कंपन्या सुटे इनसोल विकतात. पळण्यासाठी बनवलेला इनसोल टाचेखाली जाड असतो. सायकलच्या शूमध्ये तो टाच वर उचलतो आणि ती मागच्या खोबणीतून निसटायला लागते. सायकलसाठीचा निवडताना चवड्याखाली पातळ आणि टाचेला बुटका बघावा.

आणखी दोन करामती विकल्या जातात. चवड्याच्या मागे बसवलेला छोटा उंचवटा बोटांमागची हाडं जराशी फाकवतो, त्यामुळे मधल्या नसा दबत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या बोटांत विजेसारखी कळ येणाऱ्यांना त्यानं आराम पडू शकतो. फक्त तो हाडांच्या टोकांखाली न येता त्यांच्या मागे हवा. दुसरी करामत पाचरीची. स्पेशलाइज्डच्या बॉडी जॉमेट्री शूजमध्ये पायाच्या अंगठ्याकडची बाजू १.५ मिलिमीटर उचललेली असते. ही पाचर गुडघ्याची रेघ बदलते, म्हणून स्वतःच्या मनानं आणखी पाचरी चढवू नयेत. ते काम बाईक फिट करणाऱ्याचं.

पाकिटावर ताकद वाढण्याचे दावे असतात, तिकडे काणाडोळा करावा. ‘जर्नल ऑफ फूट अँड अँकल रिसर्च’मध्ये २०१४ साली सायकलस्वारांच्या इनसोल आणि पाचरींवरच्या अभ्यासांचा आढावा आला होता. अभ्यास मोजके निघाले, आणि इनसोलमुळे पेडलवरची ताकद वाढते असं त्यांतून काही सिद्ध झालं नाही. पाय दुखायचा थांबला तर पैसे वसूल, एवढीच अपेक्षा ठेवावी. साध्या स्पोर्ट्स शूजमध्ये आणि सपाट पेडलवर चालवणाऱ्यांनी तर तीही बेतानंच ठेवावी. तिथे मऊ तळच पेडलवर वाकत असतो.

नवा इनसोल जुन्यावर चढवायचा नाही. जुना काढून नव्यावर ठेवायचा, पेन्सिलीनं रेघ मारायची आणि बोटांकडून थोडं थोडं कापायचं. टाचेकडून कापलं की कमानीची जागाच सरकते. चवड्याखालची जाडी वाढली असेल तर सीट साधारण तेवढीच वर घ्यायची. पहिले काही दिवस कमानीखाली गोटा ठेवल्यासारखं वाटेल. घरात घालून, छोट्या फेऱ्या मारून सवय करावी. छोट्या फेऱ्यांनंतरही टोचत राहिलं तर उंची चुकली, एक पायरी खाली यावं.

मापाचे इनसोल बनवून घ्यायचे तर करणाऱ्याला सायकलसाठी हवेत हे आधीच सांगावं. एरवी तो चालण्याच्या हिशेबानं टाच सावरेल आणि आपला भार तर चवड्यावर. मधुमेह असणाऱ्यांनी, किंवा सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल त्यांनी, आधी डॉक्टरांना पाय दाखवावेत. संवेदना कमी झालेल्या तळव्याला कडक इनसोलनं घासून झालेली जखम कळतही नाही.

पावसाळ्यात राइड झाली की इनसोल बाहेर काढून सावलीत वाळवायचे आणि शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. हीटरवर किंवा गाडीच्या तापलेल्या काचेमागे ठेवले तर उष्णतेनं साच्यात बसवलेले इनसोल आकार सोडतात. फोम मात्र कितीही जपला तरी हळूहळू बसतोच. अधूनमधून काढून फरशीवर ठेवायचा आणि कमान पुन्हा अंगठ्यानं दाबून बघायची.