ध्रुवाच्या दारचे पाहुणे

ध्रुवप्रदेश म्हटला की भूगोलाच्या पुस्तकातील चार गोष्टी आठवतात : सहा महिन्यांची रात्र, बर्फ, पेंग्विन आणि पांढरे अस्वल. पैकी पेंग्विन दक्षिणेचा, अस्वल उत्तरेचे. दोघांची गाठ कधी पडत नाही. या प्रदेशात आज हजारो माणसे केवळ पाहण्यासाठी जातात, होडी वल्हवतात, बर्फावरून पायी हिंडतात. या सफरीला इतके कडक नियम का, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

अंटार्क्टिका आपल्याला अगदीच परके नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. ही मंडळी संशोधनासाठी गेली. हौशी प्रवाशांची वाट त्याआधीच, १९६६ साली, लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी पाडली होती. आज बहुतेक जहाजे अर्जेंटिनातील उशुआया बंदरातून निघतात आणि दोन दिवस खवळलेला समुद्र कापून पोहोचतात. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तिथला उन्हाळा.

जहाजावरून प्रवासी कयाक नावाच्या निमुळत्या होडीत उतरतात. ही होडी मूळ उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत. तिचा आवाज होत नाही, म्हणून शिकारीला सोयीची. शिकाऱ्याची तीच होडी आज पाहणाऱ्याच्या कामी येते! मात्र हिमनगापासून दूर राहावे लागते. त्याचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो आणि तो केव्हा उलटेल याचा नेम नसतो. म्हणून वाटाड्या सोबत असतो.

जमिनीवरचे नियम याहून कडक आहेत. पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाला कोणालाही उतरवता येत नाही. इतरांनाही एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसे उतरवता येतात. पेंग्विनपासून किमान पाच मीटर दूर राहायचे. त्याने वाट ओलांडली तर थांबायचे, वाट त्याची. बर्फात बुटाचा खोल खड्डा पडला तर बुजवायचा, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला बाहेर येता येत नाही. घाबरून तो अंड्यावरून उठला तर टपून बसलेला स्कुआ पक्षी अंडे पळवतो. उन्हाळा छोटा, एकदा अंडे गेले की बहुधा वर्ष वाया जाते. बूट धुऊनच उतरायचे. २०२४ साली तिथल्या मुख्य भूमीवर बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. त्याच्या धास्तीने आता बर्फावर बसण्यासही मनाई आहे. उत्तरेकडे स्वालबार्ड बेटांवर २०२५ पासून अस्वलापासून किमान तीनशे मीटरचे अंतर सक्तीचे आहे.

तरीही प्रश्न उरतोच. अलीकडे एका हंगामात लाखाहून अधिक प्रवासी अंटार्क्टिकाला गेले. प्रत्येकाने नियम पाळले तरी जहाजांचा धूर राहतोच. पाहण्याच्या ओढीनेच पाहण्याजोगे ते संपणार नाही ना?

माझ्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. अशा सफरीचे तिकीट आमच्या शेताच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नाएवढे. मग मी हे का लिहितो? कारण आपल्या पाथरी तालुक्यातून वाहणारी गोदावरी वर पैठणला जायकवाडीच्या जलाशयात अडते, आणि तिथे हिवाळ्यात दूर उत्तरेकडून चक्रवाक येतात. त्यांना पाहायला जाणारे आपणही पाहुणेच. फोटोसाठी थवा पुन्हा पुन्हा उडवला, तर परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी त्यातच खर्च होते. पाहुण्याने पायरी ओळखावी, असे आपण घरी म्हणतो. ध्रुवावर ही पायरी मीटरमध्ये मोजून दिली आहे. गोदाकाठी ती आपणच ठरवून पाळावयाची आहे.