मैत्रीण जुनी आहे, पण चालू आहे!

आधी एक कबुली. सेकंड इयरला असताना आमच्या ग्रुपने कॉलेजच्या गेटवर चहा विकणाऱ्या काकूंवर सात मिनिटांची डॉक्युमेंटरी केली होती. बक्षीस वगैरे काही मिळालं नाही, पण आमची ती पहिलीच फिल्म, म्हणून जाम जीव होता तिच्यावर. परवा ती नव्याने एडिट करायला घेतली, तर सॉफ्टवेअर म्हणतं, तुमचं सबस्क्रिप्शन संपलंय. वर्गणी काढून पैसे भरले. मग म्हणतं, ही फाईल जुन्या व्हर्जनची आहे. कशीबशी उघडली तर अर्धे इफेक्ट्स गायब आणि काकूंच्या तोंडी भलताच आवाज! तीन वर्षंसुद्धा झाली नाहीत हो त्या फाईलला.

त्याच आठवड्यात या पानासाठी विषय शोधताना मला काही वेगळीच माणसं सापडली. चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर घरी ठेवणारी. शोकेसमध्ये नाही, टेबलावर, वायर लावून, चालू! त्यावर ती चित्रं काढतात, गाणी बनवतात, गेम खेळतात. या कॉम्प्युटरचं नाव अमिगा. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ होतो मैत्रीण.

पंगतीत वाढणारे वेगळे

23 जुलै 1985. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये कमोडोर कंपनीने ‘अमिगा 1000’ लोकांसमोर आणला. किंमत 1,295 डॉलर, मॉनिटरचे पैसे वेगळे. आता त्याचे स्पेसिफिकेशन वाचा आणि हसू नका. प्रोसेसरचा वेग 7.16 मेगाहर्ट्झ. मेमरी 256 केबी. एका फ्लॉपीत मावणार 880 केबी. म्हणजे तुमच्या फोनमधला तीन-चार एमबीचा एक सेल्फी ठेवायचा तर चार-पाच फ्लॉप्या लागतील.

आता त्या वेळी बाकीच्यांकडे काय होतं ते बघा. ॲपलच्या मॅकिन्टॉशचा पडदा होता काळा-पांढरा. ऑफिसातले पीसी बहुतेक वेळा चार रंगांत चित्र दाखवायचे आणि आवाजाच्या नावाने नुसतं ‘बीप’ करायचे. अमिगाकडे 4,096 रंग होते आणि स्टिरिओ आवाजाची चार चॅनेल्स. शिवाय तो एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवायचा, खिडक्या शेजारी शेजारी उघड्या ठेवून. आज आपण एका टॅबमध्ये असाइनमेंट आणि दुसऱ्यात गाणी लावतो ना, तसं. म्हणूनच ‘मल्टिमीडिया’ हा शब्द रुळायच्या आधीचा हा मल्टिमीडिया कॉम्प्युटर, असं त्याचे चाहते सांगतात.

एवढ्याशा ताकदीत हे जमलं कसं? तर कामाच्या वाटणीमुळे. लग्नाच्या पंगतीत आचारीच वाढायला धावू लागला तर काय होईल? अमिगात आचारी वेगळा आणि वाढपी वेगळे होते. मुख्य प्रोसेसर हिशेब करायचा. मेमरीची वाटणी आणि चित्रांची हलवाहलव ‘अग्नस’ नावाची चिप बघायची, पडद्यावरचं चित्र ‘डेनिस’ आणि आवाज ‘पॉला’. या तिघींच्या मागे डोकं होतं जे मायनर या इंजिनिअरचं. आधी तो अटारी कंपनीत होता.

या मशिनची सगळ्यात गाजलेली करामत म्हणजे ‘बोइंग बॉल’. लाल-पांढऱ्या चौकटींचा एक चेंडू गरागरा फिरत पडद्यावर टप्पे घेतो. हा डेमो 1984 चा, म्हणजे अमिगा बाजारात यायच्या आधीचा. गंमत अशी की तो चेंडू फिरतच नाही! चित्र तेच राहतं, फक्त चौकटींचे रंग क्रमाने बदलतात. गणपतीच्या मखराला लावलेल्या माळेत उजेड पळताना दिसतो, दिवे मात्र जागच्या जागीच असतात. अगदी तेच. कमी साधनांत डोळ्यांना चकवायची ही हुशारी कलेक्टर मंडळींना वेड लावते. चेंडू फिरवायचं सगळं गुपित तुम्हाला एका दुपारी समजू शकतं. तुमच्या फोनबद्दल असं म्हणता येईल?

वॉरहॉलची फ्लॉपी

लिंकन सेंटरच्या त्या कार्यक्रमात स्टेजवर पॉप आर्टवाला अँडी वॉरहॉल होता. समोर ‘ब्लाँडी’ बँडची गायिका डेबी हॅरी. त्याने कॅमेऱ्यातून आलेलं तिचं चित्र अमिगावर घेतलं आणि माऊसने रंग ओतून पोर्ट्रेट केलं, तेही सगळ्यांसमोर. आज कोणीही फोनवर करेल, पण साल 1985 आहे हे लक्षात घ्या.

वॉरहॉलने नंतर अमिगावर आणखी चित्रं काढली. 1987 मध्ये तो गेला. फ्लॉप्या पिट्सबर्गच्या वॉरहॉल म्युझियममध्ये जाऊन पडल्या. नीट जपलेल्या, पण बंद. त्यांत नक्की काय आहे, याचा पत्ता कोणालाच नाही.

मग कोरी आर्केंजेल नावाच्या आर्टिस्टच्या बघण्यात त्या लाँचची जुनी क्लिप आली आणि त्याने म्युझियमला विचारलं, ती चित्रं आहेत कुठे? पुढचं काम कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने अंगावर घेतलं. जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालणं म्हणजे जुगारच. वाचता वाचताच ती खराब होऊ शकते. म्हणून त्यांनी आधी खास यंत्राने फ्लॉपीवरच्या चुंबकीय खुणांची जशीच्या तशी नक्कल घेतली. बघतात तर फाईल्सचा फॉरमॅट अनोळखी, तेव्हाच्या कुठल्या तरी अर्धवट सॉफ्टवेअरचा. तो उलगडायला जुन्या अमिगाचे खाचखळगे माहीत असलेली माणसं लागली. 2014 मध्ये चित्रं जगासमोर आली. वॉरहॉलचा लाडका सूपचा डबा होता, त्याचं स्वतःचं चित्र होतं आणि बोत्तिचेल्लीची व्हीनसही होती, तीन डोळ्यांची!

हे वाचताना मला आमच्या काकू आठवल्या. जगप्रसिद्ध चित्रकाराच्या फाईल्सची ही गत, तर आपलं काय?

कलेक्टर नेमकं काय शोधतात?

एकच अमिगा मिळाला आणि झालं, असं नसतं. 1987 मध्ये दोन भाऊबंद आले. कीबोर्डच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर बसवलेला ‘अमिगा 500’ घरोघरी, विशेषतः युरोपात, गेला. मोठ्या डब्याचा ‘अमिगा 2000’ व्हिडिओवाल्यांचा आवडता. 1990 मध्ये न्यूटेक कंपनीने त्याच्यासाठी ‘व्हिडिओ टोस्टर’ नावाचं कार्ड काढलं, आणि तोवर फक्त मोठ्या स्टुडिओत होणारे इफेक्ट्स छोट्या मंडळींच्या आवाक्यात आले. ‘बॅबिलॉन 5’ या सायफाय मालिकेच्या पायलट एपिसोडमधली अंतराळयानं अमिगांवरच तयार झाली होती.

पहिल्या ‘1000’ चं कौतुक मात्र वेगळंच. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते बनवणाऱ्या टीमच्या सह्या साच्यातच उमटवल्या आहेत. त्यांच्यात एक पंजाही आहे, जे मायनरच्या मिची या कुत्रीचा! ‘500’ उघडला तर बोर्डवर ‘रॉक लॉबस्टर’ असं छापलेलं सापडतं. ते आहे ‘बी-52’ज’ या बँडच्या गाण्याचं नाव. म्हणजे डबा उघडल्यावर आत माणसं भेटतात. आजचे फोन तर उघडूच नयेत अशा बेताने चिकटवलेले असतात.

आणि एरर मेसेज? तो तर आपल्याला जवळचाच वाटेल. अमिगा कोलमडला की काळ्या पडद्यावर लाल चौकट लुकलुकायची आणि त्यात शब्द यायचे, ‘गुरू मेडिटेशन’. गोष्ट अशी सांगतात की, या टीमने सुरुवातीच्या काळात अंगाच्या तोलावर चालणारी एक गेमची फळी बनवली होती. प्रोग्रॅम सारखा बंद पडून डोकं फिरलं की इंजिनिअर त्या फळीवर मांडी घालून, अजिबात न हलता बसायचे. एखाद्या गुरूसारखे. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्यालाही अशी एक फळी हवी, नाही का?

पेशंटची फाईल

हौस म्हणून ठीक, पण हे प्रकरण सांभाळायला सोपं नाही. ‘अमिगा 2000’ मध्ये घड्याळासाठी एक छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती गळते आणि बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. म्हणून मशीन घरी आलं की जाणकार कलेक्टर चालू करून बघत नाही. आधी झाकण उघडतो आणि बॅटरी कापून बाहेर काढतो. नंतरच्या ‘600’ आणि ‘1200’ मध्ये कपॅसिटर गळतात. ते एकेक करून बदलावे लागतात.

कव्हरचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, ते वेगळंच. आग लागू नये म्हणून त्यात घातलेली ब्रोमीनची रसायनं आणि ऊन-प्रकाश यांचा हा प्रताप. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की रंग उजळतो, पण पिवळेपणा परत येऊ शकतो. त्यामुळे उजळवावं की वयाची खूण म्हणून राहू द्यावं, यावर कलेक्टरांमध्ये वाद झडतात. त्यात आजचे बहुतेक मॉनिटर अमिगाचा सिग्नल घेत नाहीत, म्हणून जुना, जड, काचेच्या ट्यूबचा मॉनिटरही शोधावा लागतो.

बरं, दुरुस्तीला कंपनी म्हणाल तर 29 एप्रिल 1994 रोजी कमोडोरने दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हापासून ही मशिनं जिवंत आहेत ती वापरणाऱ्यांमुळे. कोणी नवे बोर्ड छापतं, कोणी फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह चालेल अशी जोडणी करतं.

अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरातली एक बातमी 2015 मध्ये खूप फिरली होती. तिथल्या 19 शाळांचं हीटिंग आणि एसी एक ‘अमिगा 2000’ सांभाळत होता, तेही 1980 च्या दशकापासून! प्रोग्रॅम लिहिला होता तिथल्याच एका शाळकरी मुलाने. काही बिघडलं तर इतक्या वर्षांनीही त्यालाच बोलावायचे. मशीन टिकलं, कारण ते समजणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता.

मग आपण काय करायचं?

आपल्याकडे अमिगा काही घराघरात पोचला नाही. पण त्या दशकात पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने ब्रिटिश ‘झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस’ची भारतीय आवृत्ती काढली होती. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एखादा जाडजूड कीबोर्ड सापडला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी बाबांना, मामाला विचारा. आणि प्लीज, लगेच प्लगमध्ये घालू नका. आधी उघडून, जाणकाराला दाखवून मगच.

मशीन नसेल तरी अमिगाची ओळख करून घेता येते. लॅपटॉपवर एमुलेटर चालतो. अमिगाच्या मूळ सॉफ्टवेअरवर अजून कॉपीराइट आहे, त्यामुळे परवान्याची आवृत्ती घ्या. मी घेतली. सुरू केल्यावर आधी फ्लॉपी ड्राइव्हचा नकली आवाज आला. टक्... टक्... टक्... रिकामा ड्राइव्ह फ्लॉपीची वाट बघत असाच टकटकायचा म्हणे. मग तो लाल-पांढरा चेंडू आला. युक्ती माहीत असूनही मी पाच मिनिटं नुसती बघत बसले होते.

त्यानंतर आमच्या ग्रुपची मीटिंग झाली. काकूंची सात मिनिटांची फिल्म साध्या व्हिडिओ फाईलमध्ये आधीच होती, ती वाचली. एडिट गेली ती गेलीच. पण काकूंचा एक तासाचा मूळ इंटरव्ह्यू मेमरी कार्डवर सापडला. तो आता तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलाय, कुठल्याही प्लेअरमध्ये चालेल अशा फॉरमॅटमध्ये. एवढं केलं आणि विसरलो, असं होऊ नये म्हणून एक ठरवलंय. दसऱ्याला आपण लॅपटॉपला हळदकुंकू वाहतोच. त्याच दिवशी तिन्ही ठिकाणची फाईल उघडून बघायची, काकूंचं पहिलं वाक्य नीट ऐकू आलं पाहिजे. नाही आलं तर लगेच नवी कॉपी करायची.

तुमच्या हार्ड डिस्कवर असं काय आहे? आज रात्री एकदा उघडून बघा.