पन्हाळ्यावर समुद्र कसा पोचतो?

पेठ वडगावच्या दोस्तांनो, जुलै महिन्यात गच्चीवर चढून पश्चिमेकडे बघा. जोतिबाचा डोंगर आणि त्याच्यामागे पन्हाळा. पण तो दिसतोय का? बहुतेक नाहीच! गडावरची घरं, दुकानं, बाजार, सगळं गावच ढगात बुडालेलं असतं.

इटलीतल्या सिसिली बेटावर एरिचे नावाचं असंच एक जुनं गाव आहे. सुमारे 750 मीटर उंच डोंगराच्या माथ्यावर दगडी गल्ल्या, किल्ला आणि पायथ्याशी समुद्र. खाली लख्ख ऊन असलं तरी वर धुकं असू शकतं. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडते आणि वर चढू लागते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि पसरता पसरता गार होते, शंभर मीटरला साधारण एक अंश. मग वाफेचे बारीक बारीक थेंब होतात. झाला ढग तयार!

पण पन्हाळ्यापासून समुद्र तर सरळ रेषेतही 80-90 किलोमीटर लांब! तरी तो येतो, वाऱ्यावर बसून येतो. अरबी समुद्राची वाफ घेऊन वारा सह्याद्री चढतो, गगनबावड्याला धो धो पाऊस पाडतो आणि उरलेली वाफ घेऊन पुढे निघतो. कोल्हापूर शहराची उंची सुमारे 550 मीटर, पन्हाळ्याची 950च्या आसपास. एवढी चढण ढग व्हायला पुरते. त्याहून पुढे, वडगावाकडे येईपर्यंत पाऊस बराच कमी झालेला असतो.

डोंगरावर गाव वसवायचं तर पाणी हवंच. म्हणून पन्हाळ्यावर सादोबा तळं आहे, सोमाळे तळं आहे, आणि अंधारबावही आहे. ही तीन मजली विहीर मला सगळ्यात आवडते. वेढा पडला तरी शत्रूला पाण्यात विष कालवता येऊ नये, म्हणून ती इमारतीच्या आत लपवलेली!

असा वेढा खरंच पडला होता! 1660 मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला महिनोन्महिने वेढा दिला होता. जुलैच्या एका रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज गडावरून निसटून विशाळगडाकडे गेले. तो पाऊससुद्धा अरबी समुद्रावरूनच आला होता बरं का!

2025 मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता तुम्ही जाल तेव्हा एक तापमापक घेऊन जा. पायथ्याशी सावलीत बघा, गडावर सावलीत बघा. किती अंशांचा फरक पडला, ते वहीत लिहा आणि आम्हाला नक्की कळवा.